मनकवडा: पत्त्यांची एक घरगुती जादू आणि तिच्यामागचे छंदशास्त्र



ज्या गावात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, त्या इंदुरात साहित्याच्या व्यासपीठावरून पत्त्यांच्या जादूवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. पण मी आज जी जादू सांगणार आहे ती आपल्या छंदशास्त्राच्या पोटातून निघालेली आहे, आणि ती मी घरातल्या माणसांवर केली तेव्हा जे घडले ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. जादू आधी सांगतो, ती कशी चालते ते मग सांगतो, आणि घरात काय घडले ते शेवटी.

दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्याला आपण 'मनकवडा' म्हणतो. शब्द प्रेमाचा आहे. न सांगता चहा पुढे करणारी सून मनकवडी असते, न मागता पुस्तक काढून देणारा ग्रंथपालही मनकवडा असतो. या खऱ्या मनकवडेपणाला सहवास लागतो, वर्षे लागतात. मी सांगतो आहे त्या खोट्या मनकवडेपणाला पत्त्यांची आठ पाने पुरतात.

पत्त्यांच्या जोडातून ही आठ पाने काढा आणि वरून खाली याच क्रमाने लावा: इस्पिक दुर्री, बदाम एक्का, बदाम पंजी, बदाम तिर्री, इस्पिक छक्की, बदाम सत्ती, इस्पिक अठ्ठी, इस्पिक चव्वी. गड्डी पालथी धरा. घरातल्या कोणालाही ती कापायला सांगा, म्हणजे वरचा काही भाग उचलून खाली ठेवायला. हवे तर तिघाचौघांना एकामागून एक कापू द्या. पिसू मात्र देऊ नका. मग शेजारी शेजारी बसलेल्या तिघांना वरून एकेक पान द्या आणि तुम्ही पाठ फिरवा. तिघांनी आपापले पान बघून छातीशी धरायचे. आता कपाळाला हात लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि म्हणा, "फार गर्दी होते आहे विचारांची. ज्यांच्याकडे लाल पान आहे त्यांनी जरा उभे राहा, म्हणजे मला काळ्यांकडे लक्ष देता येईल." मग वळा. समजा, पहिला आणि तिसरा उभा आहे, मधला बसलेला. तुम्ही पहिल्याला सांगता, तुमची बदाम तिर्री. मधल्याला, तुमची इस्पिक छक्की. तिसऱ्याला, तुमची बदाम सत्ती. तिन्ही बरोबर!

याची किल्ली आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केलेली आहे. 'यमाताराजभानसलगं' हे ते सूत्र. तीन अक्षरांच्या गटात लघु आणि गुरु यांच्या आठच मांडण्या होऊ शकतात आणि त्या आठांना आठ गणांची नावे आहेत. ज्या गणाचे लक्षण हवे, त्याच्या अक्षरापासून सूत्रातली तीन अक्षरे उचलायची. 'य' गण हवा तर यमाता: लघु, गुरु, गुरु. 'र' गण हवा तर राजभा: गुरु, लघु, गुरु. 'न' गण हवा तर नसल: तिन्ही लघु. वृत्ते शिकवणाऱ्या शिक्षकांनी यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा असे शब्दही दिले होते. पण ते आठ वेगळे शब्द लक्षात ठेवावे लागतात. सूत्राचे वैशिष्ट्य असे, की आठ गणांची एकूण चोवीस अक्षरे त्याने दहा अक्षरांत बसवली. प्रत्येक अक्षर आधीच्या गणाचा शेवट, मधल्याचा मध्य आणि पुढच्याची सुरुवात अशी तीन कामे करते.

आता शेवटची दोन अक्षरे पाहा. 'लगं' म्हणजे लघु, गुरु. सूत्राची सुरुवात 'यमा', तीही लघु, गुरु. म्हणजे सूत्राचे शेपूट त्याच्या तोंडात आणून जोडले, तर ही दोन अक्षरेही लागत नाहीत. य, मा, ता, रा, ज, भा, न, स ही आठ अक्षरे गोलाकार लिहा. त्या वर्तुळात कोठूनही सलग तीन अक्षरे उचला. दर वेळी वेगळा गण मिळतो. आठ जागा, आठ गण. एकही गण सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.

आपली आठ पाने हेच वर्तुळ आहेत. लघु म्हणजे काळे पान, गुरु म्हणजे लाल. दुर्री 'य', एक्का 'मा', पंजी 'ता', तिर्री 'रा', छक्की 'ज', सत्ती 'भा', अठ्ठी 'न', चव्वी 'स'. गड्डी कापली की वर्तुळ फक्त फिरते, मोडत नाही. चाक फिरवले म्हणून आऱ्यांचा क्रम बदलत नाही, तसेच हे. तिघांना सलग पाने गेली, म्हणजे सूत्रातली सलग तीन अक्षरे गेली. पहिला उभा, दुसरा बसलेला, तिसरा उभा: गुरु, लघु, गुरु. हा 'र' गण. म्हणून पहिल्याचे पान 'रा', पुढचे 'ज', त्यापुढचे 'भा'. तिर्री, छक्की, सत्ती. गणाचे नाव कळले की पहिले पान कळले, आणि पुढची दोन सूत्रच सांगते. 'स' नंतर पुन्हा 'य' येतो, एवढे ध्यानात ठेवायचे.

पानांचे आकडे मी मनाला येतील तसे लावलेले नाहीत, आणि इथे आपल्याला पिंगलाकडे जावे लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या ठरावीक क्रमाने लिहून काढण्याची रीत आहे. तिला प्रस्तार म्हणतात. तीन अक्षरांच्या प्रस्तारात पहिली ओळ तीन गुरूंची, म्हणजे 'म' गणाची. मग य, र, स, त, ज, भ आणि आठवी ओळ तीन लघूंची, 'न' गणाची. एखादी ओळ पुसली गेली आणि तिचा फक्त क्रमांक ठाऊक असला, तर ती पुन्हा उभी करण्याच्या क्रियेला 'नष्ट' असे नाव आहे. उलट, ओळ समोर आहे पण ती कितवी ते ठाऊक नाही, तर क्रमांक शोधण्याच्या क्रियेला 'उद्दिष्ट' म्हणतात. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात उद्दिष्टाची सोपी रीत आहे: अक्षरांवर क्रमाने एक, दोन, चार असे दुप्पट होत जाणारे आकडे मांडावे, लघूंवर पडलेल्या आकड्यांची बेरीज करावी आणि तीत एक मिळवावा.

ही रीत आपल्या तिघांवर लावा. पहिल्याचा भाव एक, दुसऱ्याचा दोन, तिसऱ्याचा चार. जे बसलेले आहेत त्यांचे भाव मिळवा आणि वर एक घाला. मघाच्या उदाहरणात फक्त मधला बसलेला होता. दोन अधिक एक, तीन. पहिल्याच्या हातात तिर्री. तिघेही बसलेले राहिले तर एक, दोन, चार आणि वरचा एक मिळून आठ: अठ्ठी. कोणीच बसलेले नसेल तर नुसता एक: एक्का. आठही वेळा उत्तर बरोबर येते, कारण प्रत्येक पानावर मी त्याच्यापासून सुरू होणाऱ्या गणाचा प्रस्तारातला क्रमांक घातला आहे. वृत्तांची नियमावली करायला बसलेल्या शास्त्रकाराने काढलेली रीत आज पत्ते ओळखायला चालते. आजच्या संगणकातले शून्य आणि एकाचे गणितही याच जातीचे आहे.

पश्चिमेत अशा वर्तुळांना डच गणितज्ञ द ब्रुइन यांचे नाव मिळाले. त्यांचा या विषयावरचा लेख १९४६ सालचा. पर्सी डायकोनिस हे अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर गेले होते आणि पुढे मोठे प्राध्यापक झाले. त्यांनी आणि रॉन ग्रॅहम यांनी २०११ साली गणित आणि जादू यांवर मिळून लिहिलेल्या पुस्तकात बत्तीस पानांचा आणि पाच माणसांचा असाच खेळ आहे, आणि आपल्या यमाताराजभानसलगं सूत्राचा उल्लेखही आहे. हे वाचले तेव्हा मला थोडी शरम वाटली. सूत्र आपण पाठ केले, त्यावर गुण मिळवले, आणि ते गोल आहे हे आपल्या ध्यानात आले नाही.

पत्ते ज्या घरात चालत नाहीत, तिथल्यासाठी दुसरी जादू. एका चिठ्ठीवर ६१७४ लिहा, घडी घाला आणि घरातल्या सर्वांत संशयी माणसाच्या मुठीत द्या. दुसऱ्याला मनात एक चार अंकी संख्या धरायला सांगा. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. त्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करायची, येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करायचे. ३५२४ धरली असेल तर ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ उरले. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे पोहोचते. मधे उत्तर तीन अंकी आले, तर पुढे शून्य धरून चार अंक कायम ठेवायचे, ही एकच काळजी.

हा शोध देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांचा. १९०५ साली डहाणूला जन्म, १९३० ते १९६२ देवळालीला शिक्षकी, १९८६ साली मृत्यू. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा हा गुण मांडला. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग त्यांचे नाव जगभर गेले. यातले मर्म थोडक्यात असे: अंक उतरत्या क्रमाने लावले की पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते, पहिल्या व चौथ्या अंकातले अंतर आणि दुसऱ्या व तिसऱ्यातले अंतर. अशी अंतरे जोडीने मोजली तर ५४ च होतात. म्हणजे माणसाने हजारो संख्यांतून मोकळेपणी एक निवडलेली असते, पण पहिल्याच पायरीवर तो ५४ वाटांपैकी एकीवर येतो, आणि त्या सगळ्या वाटा शेवटी एकाच चौकात मिळतात.

आता प्रश्न असा, की एवढी साधी गोष्ट समोरच्याला चमत्कार का वाटते? पत्त्यांच्या खेळात मला तीन कारणे दिसली. कापण्याने पाने मिसळतात, असा सर्वांचा समज असतो. दुसरे, तिघांपैकी प्रत्येकाने अगदी थोडे सांगितलेले असते, लाल की काळे एवढेच. पण दोन, दुणे दोन, दुणे दोन असे आठ होतात आणि पानेही आठच असतात. तिघांनी मिळून सगळेच सांगून टाकलेले असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी हीच माणसे शेजाऱ्यांना सांगतात, "त्याने काही म्हणजे काही विचारले नाही." उभे राहणे हे उत्तर होते, हे त्यांच्या स्मरणातून निघून जाते. माहिती दिल्याची आठवण राहत नाही, मिळाल्याची राहते.

लहानपणी दारात नंदीबैल यायचा. "यंदा पाऊस पडेल का?" म्हटले की मान डोलवायचा. त्याची मान मालकाच्या खुणेवर चालते, हे आम्हां मुलांनाही ठाऊक असायचे, म्हणूनच हो ला हो करणाऱ्या माणसाला आपण नंदीबैल म्हणतो. जर्मनीत मात्र एका घोड्याने विद्वानांना कोड्यात टाकले. 'हुशार हान्स' हा घोडा बेरजा करून खुराने उत्तर ठोकत असे. १९०४ साली त्याची तपासणी करायला मंडळ बसले, त्याला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले तर घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके किंचित हलत असे, त्याच्या नकळत. घोडा गणित करत नव्हता, माणूस वाचत होता. फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, तरी उत्तर फुटत होते.

आणि आपल्याकडे छंदःशास्त्राच्या पिंगलाखेरीज दुसराही एक पिंगळा आहे. पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन येणारा, पिंगळा पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असे सांगणारा. घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहत तो बोलणे पुढे नेतो. त्याला पसाभर धान्य मिळायचे आणि घराला चार शुभ शब्द. त्यात कोणाचे फारसे बिघडत नसे. बिघडते कधी, ते मला माझ्याच घरात कळले.

काही वर्षांपूर्वी भाऊबीजेला आम्ही सगळे रामबागेतल्या घरी जमलो होतो. फराळ झाला, मुले कंटाळली, आणि मी पत्ते काढले. आत्या, माझी सून आणि एक भाचा असे तिघे बसले. कोणीच उभे राहिले नाही. मी अठ्ठी, चव्वी, दुर्री अशी पाने सांगितली. मुलांनी गोंधळ घातला. आत्या मात्र हसली नाही. आतोबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. शेवटचे अकरा दिवस त्यांची वाचा गेली होती. आत्याकडे बघून ते काहीतरी सांगू पाहत आणि सांगता येत नसे.

सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुला कळते ना मनातले? मग ह्यांना काय सांगायचे होते, तेवढे सांग."

श्रोतेहो, त्या क्षणी 'तुझी काळजी होती त्यांना' असे म्हणणे किती सोपे होते! ते बहुधा खरेही असेल. आत्याला बरे वाटले असते. आपण असे कितीतरी शब्द शोक झालेल्या माणसांना सांगतो आणि त्यात पाप नाही. पण ते मी भाचा म्हणून सांगितले असते तर गोष्ट वेगळी होती. ती मला जाणकार समजून विचारत होती. मी म्हणालो, "आत्या, मला मनातले काही कळत नाही. ती पत्त्यांची जादू आहे." तिचा विश्वास बसला नाही. मी लपवतो आहे असे तिला वाटले, आणि ती रागावली.

तेव्हा मी आठही पाने तिच्यापुढे उघडी मांडली. जादूगार मंडळींत रहस्य फोडणे हा मोठा गुन्हा. तो मी केला. आत्या जुन्या मॅट्रिकची, रोज मनाचे श्लोक म्हणणारी. ते भुजंगप्रयातात आहेत आणि भुजंगप्रयात म्हणजे चार 'य' गण, हे तिला माझ्याआधी ठाऊक. पानांवरून बोट फिरवत ती यमाता, मातारा, ताराज असे पुटपुटत गेली आणि चव्वीपाशी थांबली. "हे परत फिरते रे," ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "आणि चिठ्ठीवर लिहिलेले नाव न उघडता कसे कळते?"

तेव्हा कळले. ओळखीतल्या कोणीतरी तिला एका गृहस्थाकडे नेले होते. त्याने तिला मनातले नाव चिठ्ठीवर लिहून घडी घालायला लावली, तिच्यासमोर चिठ्ठी फाडून जाळली आणि आतोबांचे नाव जसेच्या तसे सांगितले. पुढच्या बैठकीत निरोप मिळेल असे कबूल केले होते आणि त्या बैठकीसाठी आत्याने आपल्या पाटल्या मोडायला काढल्या होत्या. मी वहीचे पान घेतले. मध्यभागी नाव लिहायला लावून कागदाच्या घड्या घातल्या की नावाचा भाग एका कोपऱ्यात येतो. फाडताना तेवढा तुकडा बोटांत ठेवायचा, बाकीचे जाळायचे, आणि राख बघण्याच्या मिषाने तो हळूच वाचायचा. दोनदा करून दाखवले. दुसऱ्यांदा तिने माझा हात धरला आणि बोटांतून तुकडा काढून घेतला.

पाटल्या मोडल्या गेल्या नाहीत. पण तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. आतोबांना काय सांगायचे होते हे तिला कळले नाही, कधीच कळणार नाही, आणि ते मान्य करायला त्या रात्री मी तिला भाग पाडले. काही महिने ती माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलत असे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच ते कसे केले तेही सांगतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मी त्या कार्यकर्त्यांची प्रात्यक्षिके पाहिली होती आणि मला वाटे, कशाला हा खेळाचा विरस? आत्याच्या प्रश्नानंतर तसे वाटत नाही. करमणुकीसाठी जादू करणाऱ्याने प्रत्येक वेळी गुपित फोडावे असे माझे म्हणणे नाही. मुलांना आठवडाभर डोके खाजवू द्यावे, त्यातच गंमत आहे. पण खेळ संपल्यावर कोणी बाजूला येऊन गंभीरपणे काही विचारले, तर तिथे पाने उघडी करावीत. तो खेळाचाच नियम धरावा.

आपण हे घरी जरूर करून पाहा. दोन सूचना देतो. एका बैठकीत एकदाच करा, फार तर दोनदा. दुसऱ्यांदा करायचे तर पाने त्याच क्रमाने गोळा करून खाली ठेवा. आणि पहिल्या वेळी चुकलात तर पाठ सूत्राची करा, पानांची नको.

मागच्या दिवाळीत आत्याने हीच जादू आपल्या पणतीच्या मैत्रिणींवर केली. तिची नजर आता मंदावली आहे, कोण उभे आणि कोण बसलेले ते पणतीने कानात सांगितले. तिन्ही पाने बरोबर आली. मुलींनी विचारले, "आजी, तुम्हाला कसे कळले?" आत्या म्हणाली, "शाळेत शिकवले होते. तुम्हाला नाही शिकवत?"